जाळीतलं भोक
कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला की जठारपेठेतली ती भाड्याची खोली आठवते. कूलर लावला की खिडकी उघडी ठेवावी लागे, नाहीतर खोली दमट होई. पण दाराशेजारच्या त्या खिडकीच्या जाळीला मनगटाएवढं भोक होतं आणि तिथून डास येत. "उंदरानं कुरतडलं असन," घरमालकीण काकू म्हणाल्या, "उद्या नवी जाळी ठोकून देतो." मला ते पटलं नाही, कारण कडा कात्रीने कापल्यासारख्या सरळ होत्या. कुणी बाहेरून हात घालत असेल, या भीतीने मी खिडकी लावून घामात झोपले. दुसऱ्या दिवशी काकू बाजारात गेल्यावर नीट पाहिलं, तर कापलेल्या तारा बाहेरच्या बाजूला वळल्या होत्या. म्हणजे हात आतून गेला होता. मी माझा घालून पाहिला, आणि बोटं थेट दाराच्या बाहेरच्या कडीला लागली. आत कोंडलेल्या माणसाला ती सहज उघडता आली असती. संध्याकाळी काकू जाळी घेऊन आल्या. "राहू द्या काकू, हवा येते." "मच्छर तोडून खातीन तुले," त्या हसल्या, "आधीची पोरगीबी असंच म्हणे." त्यांनी ती कडी कधी लावली होती का, हे मला आजही माहीत नाही. पण त्या उन्हाळ्यात मी डासांना चावू दिलं.