मेढे टाकायची सकाळ

आमच्या घरासमोरचा रस्ता तीनदा वर आला. घर बिचारं तिथंच राहिलं. पहिल्यांदा डांबराचा थर पडला तेव्हा बाबांनी अंगणात दोन ट्रॉल्या मुरूम टाकून घेतला. दुसऱ्यांदा दाराशी विटांचा बांध घातला. तिसऱ्यांदा सिमेंटचा रस्ता झाला आणि आम्हाला स्वतःच्या घरात जायला दोन पायऱ्या उतराव्या लागल्या. ठेकेदाराच्या माणसाशी मी भर उन्हात भांडले. म्हटलं, पावसाळ्यात पाणी कुठं जाईल, तुझ्या डोक्यात? तर तो शांतपणे म्हणतो, "मॅडम, तुम्ही घर वर घेऊन घ्या." जसं काही घर म्हणजे साडीच्या निऱ्या, ओल झाली की वर खोचल्या!

नागपूरच्या नंदनवनातली आमची गल्ली तोवर निम्मी रिकामी झाली होती. पोरं पुण्याला, बंगलोरला गेली, मग त्यांनी आईबापांना नेलं. कुलुपं लागली, कुंपणातून बेशरमाची झुडपं उगवली, कोपऱ्यावरचा कचरा दुपारपर्यंत कोणी उचलेना. मी ज्या मराठी शाळेत बावीस वर्षं शिकवलं, तिथं शेवटच्या वर्षी माझ्या वर्गात सात पोट्टे होते. सात! हजेरी घ्यायचीही लाज वाटायची. मग शाळाच बंद झाली आणि मी पन्नाशीत घरी बसले. लग्न केलं नव्हतं, आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात मी आणि बाबा, दोघंच.

मागच्या पावसाळ्यात व्हायचं ते झालं. पहाटे नालीचं पाणी पलंगाच्या पाट्यांपर्यंत आलं. मी गॅसचं सिलिंडर ओढून राहिली होती, तेवढ्यात बाबा पिठाचा डबा वर ठेवायला गेले आणि घसरले. हाड मोडलं नाही, पण पाय दुखावला आणि दीड महिना अंथरुणावर होते. घाण पाण्यात बसलेला तो माणूस मला म्हणाला, "डबा तं वाचला." त्या क्षणी मी ठरवलं, आता इथं राहायचं नाही.

धाकटी बहीण हैदराबादला असते. तिनं तिथल्या एका शाळेच्या वसतिगृहात माझ्यासाठी काम शोधलं, राहायला एक खोली, बाबांनाही ठेवता येईल. आम्हा नागपूरवाल्यांना पुण्यापेक्षा हैदराबादच जवळ. पण राज्य सोडायचं म्हणजे मलाही सोपं नव्हतं, खोटं कशाला बोलू. पाट्या वाचता येणार नाहीत, शेजारीण काय बोलते ते कळणार नाही. तरी मी मन घट्ट केलं. बाबांनी नाही केलं.

"मी नाही येत," ते म्हणाले. "तिथं मी कोणाशी बोलू? तेलुगू येते का मले?"

"इथं कोणाशी बोलता? कुलुपांशी?"

हे घर त्यांनी स्वतः उभं राहून बांधलं होतं. पाटबंधारे खात्यातल्या कारकुनाची नोकरी. ऑफिसातून सायकलवर यायचे आणि तसेच, पँट वर दुमडून, भिंतींवर पाणी मारायचे. हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी दोन महिने त्यांच्याशी कटकट केली. त्यांना एकटं ठेवून जाणं मला शक्य नव्हतं, आणि ते हलायला तयार नव्हते. वसतिगृहवाल्यांनी शेवटी सांगितलं, पोळा झाला की कळवा, नाहीतर आम्ही दुसरी बाई बघतो.

पोळ्याला आमच्याकडे दारात पळसाच्या फांद्या लावतात, त्यांना मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उचलायच्या, शिवेबाहेर नेऊन टाकायच्या आणि ओरडायचं, ढेकणं, मोंगसे, रोगराई घेऊन जा गे मारबत! घरातली किडामुंगी, सगळी पीडा त्या फांद्यांबरोबर ही मारबत बाई घेऊन जाते. बाबा मूळचे कुहीकडचे. दरवर्षी ते एसटीनं गावाकडे जाऊन मेढे आणायचे. या वर्षी पायानं जमेना, म्हणून मी चौकातून विकत आणले.

"हा कुठला पळस? पानंच किडली," ते म्हणाले.

बस्स, एवढंच म्हणाले. आणि माझं डोकं फिरलं. पुरणाचं पातेलं मी आपटलं. "पळस किडका, गल्ली किडकी, सगळं किडलं, तरी तुमचा पाय निघत नाही! माह्या गळ्यातली धोंड झाले तुम्ही, बाबा. तुमच्यापायी मी इथं सडून राहिली."

ते पुरणपोळी जेवले, ताट स्वतः उचलून मोरीत ठेवलं आणि लवकर झोपले. मला वाटलं, जाऊ दे, उद्या सकाळी चहा करून देईन, होईल सगळं ठीक.

सकाळी ते माझ्याआधी उठून, टोपी घालून, मेढे हातात धरून उभे होते. एकट्याला कसं जाऊ देणार? मीही चपला घातल्या. पूर्वी आमच्या वस्तीचं लेआउट संपलं की मोकळं मैदान होतं, तीच आमची शीव. आता तिथं लग्नाचं लॉन झालंय, फाटकावर चौकीदार. पुढे गेलो तर दुकानं, त्यापुढे पुलाचे खांब. शीव काही सापडेना. शेवटी नाल्याच्या कठड्याशी थांबलो. बाजूनं पाण्याचा टँकर हॉर्न वाजवत गेला.

बाबांनी एक फांदी टाकली. "ढेकणं, मोंगसे, रोगराई घेऊन जा गे मारबत!" दुसरी टाकली. "घरातलं पाणी घेऊन जा गे मारबत!" आवाज चिरका झाला होता. मग हात रिकामे असताना, कठड्याला धरून, ते परत ओरडले,

"माह्या पोरीच्या गळ्यातली धोंड घेऊन जा गे मारबत!"

मी त्यांचा दंड पकडला. "बाबा, काहून असं बोलता? मी रागात बोलली होती."

"रागातच बोलली, पण खोटं नाही बोलली वं." त्यांनी टोपी सरळ केली. "हैदराबादवाल्याइले फोन कर. दोघं येतो म्हणून सांग."

मला हेच हवं होतं. दोन महिने याच्यासाठीच भांडले होते, आणि आता ते मिळालं तर मी भर रस्त्यात पदर तोंडात कोंबून रडत होते. टँकरमागून येणारे स्कूटरवाले बघत होते, बघू देत. ही जीभ छाटून नाल्यात टाकावी असं वाटलं.

परत येताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. चालता चालता त्यांनी विचारलं, "तिथं खोली एकच आहे म्हणते नं तू?"

"हो."

"मग माही खाट दारापाशी टाकजो. रात्री दोन-तीनदा उठा लागते मले. तुही झोप नाही मोडली पाहिजे."

मी हो म्हटलं.