सायखेड्याचा सूर्य

"ती खालच्या खिडकीतली पोरगी कधीच बोलत नाय का गं?"

"नाय आबा. ती फक्त बघते."

स्क्रीनवर तेव्हा चौदा मुलं झाडं झाली होती. हात वर, डोळे मिटलेले, आणि ताई हळू आवाजात सांगत होत्या, "वारा सुटलाय, पानं हलतायत." त्या वाऱ्यात हे दोन आवाज सगळ्यांनी स्पष्ट ऐकले. दोन-तीन झाडं हसली. मी त्या खिडकीचा माईक बंद केला, कारण तेच माझं काम होतं, आणि खालच्या रांगेतल्या माझ्या चौकोनात माझेच कान लाल होताना बघत बसले.

कोरोनाचं पहिलं वर्ष होतं. ताईंचा बालनाट्याचा वर्ग आधी गंगापूर रोडवरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये भरायचा. शाळाच बंद झाल्यावर त्यांनी वर्ग मोबाइलवर आणला आणि मला मदतीला घेतलं, कारण त्यांना लिंक पाठवता येत नव्हती आणि मला येत होती. मी चॅटमध्ये हजेरी लिहायची, गोंगाट करणाऱ्याचा माईक बंद करायची, संवाद टाइप करून पाठवायची. यातल्या कशालाच तोंड उघडावं लागत नव्हतं, म्हणून तर मी हो म्हणाले होते. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. घरी मराठीच, पण चारचौघांत बोलायचं झालं की वाक्य आधी मनात एकदा बोलून बघायची मला सवय होती. ते नीट जमेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. इंग्रजीतही तसंच व्हायचं, हे मात्र मी कोणाला सांगत नसे. माध्यमावर ढकलणं सोपं पडायचं.

ते दोन आवाज सायखेड्याचे होते. मुलगी चौथीतली. एरवी नाटकाच्या वर्गाला तिला तिथून नाशिकला कोणी पाठवलं नसतं, पण वर्ग मोबाइलवर आला म्हणून तीही आली. मोबाइल आजोबांचा. ते तो नजरेआड करायला तयार नसत, त्यामुळे तासभर तेही शेजारी बसत. घरात रेंज नाही म्हणून दोघं अंगणात कांद्याच्या चाळीसमोर बसायची. मुलांना झाड व्हायला सांगितलं की चौकटीच्या कडेने एक सुरकुतलेला हात वर यायचा. ताई एकदा म्हणाल्या, "ही फांदी कोणाची?" हात झटकन खाली गेला. पुढच्या वेळी पुन्हा वर.

पावसाळा संपता संपता मुलांनी मिळून एक नाटक रचलं. एका गावातल्या सावल्या संपावर जातात. माणसं दिवसभर आपल्याला तुडवतात ही त्यांची तक्रार. शेवटी सूर्य येतो, दोघांचं ऐकून घेतो आणि निकाल देतो: रोज भर दुपारी बारा वाजता सावल्यांना सुट्टी. हा निकाल सायखेड्याच्या मुलीला सुचला होता. तिच्या मागे उघडं आभाळ असायचं आणि उजेड इतका, की तिचा चेहरा काळा दिसायचा. ताई म्हणाल्या, "सूर्य तूच हो. तुझ्याकडे बघवत नाही." त्यावर आबांचं हसू इतका वेळ चाललं की मला पुन्हा माईक बंद करावा लागला.

थंडीत थोडी मोकळीक मिळाली आणि ताईंनी ठरवलं की आता समोरासमोर भेटायचं. त्यांच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, मास्क लावून. मी खडूने जमिनीवर चौकोन आखले, एका मुलाला एक. मुलं आली, कोणालाही सांगावं न लागता आपापल्या चौकोनात जाऊन उभी राहिली आणि समोरच्या भिंतीकडे बघायला लागली. ताई म्हणाल्या, "अरे, एकमेकांकडे बघा की!" कोणी बघेना. सहा महिने सगळ्यांनी समोरच बघितलं होतं, शेजारी कोणी असतं हे ती विसरूनच गेली होती. एक मुलगा ताईंपासून चार फुटांवर उभा राहून विचारत होता, "ताई, माझा आवाज येतोय का?" दुसऱ्याला वाक्य आठवेना तेव्हा तो एका स्कूटरच्या मागे खाली बसला आणि तिथूनच म्हणाला, "मी ऑफ आहे." बोलायचं असलं की मुलं हात वर करून माझ्याकडे बघायची. मी मान हलवल्याशिवाय कोणी तोंड उघडत नसे. मला त्यात जरा मजा वाटायला लागली होती, हे कबूल करते.

सायखेड्याची मुलगी येऊ शकत नव्हती. एसटी मोजक्याच, तिची आई द्राक्षाच्या बागेत रोजावर, आणि आबांना साखरेचा त्रास, त्यामुळे त्यांना शहरात यायला घरच्यांची मनाई. तिसऱ्या तालमीनंतर ताई म्हणाल्या, "सूर्य आमच्या पहिल्या मजल्यावरच्या मुलीला देऊ. तिला सगळ्यांची वाक्यं पाठ आहेत."

"आणि ती?" मी विचारलं. एवढं मला जमलं.

"अगं, तिला टीव्हीवर दाखवायचं? टीव्हीला कोण टाळ्या वाजवणार? पुढच्या वर्षी घेऊ तिला. तू फोन करून सांग. तुझ्याशी ओळख आहे त्यांची."

ओळख म्हणजे मी त्यांचा माईक बंद करायचे. मी घरी येऊन वाक्य तयार केलं. "या वेळी जमत नाहीये, पण तिने छान काम केलं." चार वेळा म्हणून बघितलं आणि फोन लावला.

"कोण, बघणाऱ्या ताई का?" आबांनी पहिल्याच दमात ओळखलं. "बरं झालं फोन केला. आमची तयारी झाली बरं का. तिनं ओढणी हळदीच्या पाण्यात बुडवून पिवळीजर्द केली. माझं धोतर पण पिवळं झालं, एकाच बादलीत होतं. आता मी रोज संध्याकाळी सावल्या होतो, ती सूर्य होते. मी एकटाच समद्या सावल्या. लय दम लागतो. तर काय म्हणत होत्या?"

मागून ती ओरडली, "आबा, त्यांना विचार, तालमीला मी उशिरा येऊ की लवकर?"

माझं वाक्य तयार होतं. ते तोंडापर्यंत आलं आणि तिथून परत गेलं. "रविवारच्या तालमीची लिंक पाठवते," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

यात धाडस काहीच नव्हतं. मला नाही म्हणता आलं नाही, इतकंच. पण आता एका सूर्याच्या जागी दोन झाले होते आणि ते फक्त मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताईंना लांबलचक मेसेज लिहिला. सूर्य काही गावात राहत नाही. तो लांबूनच बघतो. मग तो टीव्हीवर दिसला तर बिघडलं कुठे? उलट सगळी मुलं खाली आणि तो एकटा वर, असं दिसेल. मेसेज पाठवून मी मोबाइल उशीखाली ठेवला.

ताईंचा लगेच फोन आला. "काल तोंडाने सांगता येत नव्हतं का?"

मी उशी सरळ केली.

"कल्पना चांगली आहे, म्हणून चिडता पण येत नाहीये मला." त्या हसल्या. "ठीक आहे. पण तो टीव्ही, ते नेट, सगळं तुझ्याकडे. पहिल्या मजल्यावरची मुलगी वाक्यं पाठ करून तयार राहील. सूर्य अडकला तर मी धावणार नाही. प्रेक्षकांना काय ते तू सांगायचं. मेसेज नाही करायचा, सांगायचं."

प्रयोग त्यापुढच्या रविवारी सकाळी ठेवला होता. रविवारी सकाळी नाशिककरांना मिसळ सोडून कुठे बोलावणं म्हणजे त्यांच्या प्रेमाची परीक्षाच. तरी तीस-एक पालक आले. अंतर ठेवून मांडलेल्या खुर्च्यांवर बसले आणि मास्कच्या आडून नाटक किती वेळाचं आहे याची चौकशी करू लागले. पहिल्या मजल्यावरच्या काकांनी त्यांचा टीव्ही खाली आणून दिला होता. आम्ही तो दोन टेबलं एकावर एक ठेवून उंच चढवला. ताईंनी नारळ फोडला, नैवेद्याचा तुकडा टीव्हीसमोरही ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता तूच बघ." मी बाजूच्या खांबापाशी उभी होते. तिथे माझ्यासाठीही एक चौकोन आखलेला होता. तो मीच आखला होता.

नाटक रंगलं. सावल्यांनी संप पुकारला, "पाय काढा, पाय काढा" अशा घोषणा दिल्या, आणि मुलं चक्क एकमेकांकडे बघून भांडली. स्कूटरमागे लपणारा मुलगा आज गावाचा पाटील होता. तो वर बघत ओरडला, "सूर्यदेवा, आता तूच ये!"

टीव्हीवर पिवळी ओढणी दिसली, एक हात दिसला, आणि चित्र थांबलं. तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले. वर एक गोल चक्र फिरत राहिलं.

पाटील पुन्हा ओरडला, "सूर्यदेवा, ये!" कोणीतरी हसलं. मी मोबाइलवरून आबांना फोन लावला.

"ताई, तुमचं समद्यांचं चित्र थांबलंय," ते धापा टाकत म्हणाले. "जरा दम धरा. आम्ही गच्चीवर टाकीपाशी चढतोय. तिथं रेंज लय भारी. पोरगी पुढं गेली, मी जिन्यात हाय."

"आबा, तुम्ही नका चढू," मी म्हणाले.

"नाय कसा? टाकीपाशी मोबाइल धरणार कोण?"

इकडे खुर्च्या करकरायला लागल्या होत्या. पहिल्या रांगेतून एक बाई म्हणाल्या, "अहो, आमच्या हिला सगळं पाठ आहे. हीच करून टाकेल की." त्यांचं काही चुकत नव्हतं. त्यांच्या मुलीने आपल्या चौकोनातून एक पाऊल बाहेर टाकलं होतं, आणि तिला कोणी थांबवलं तर रडू येईल की हायसं वाटेल, हे तिच्या मास्कवरच्या डोळ्यांवरून कळत नव्हतं. ताई माझ्याकडे बघत होत्या. कपाळावर आठ्या नव्हत्या, मदतही नव्हती. चौदाच्या जागी तेरा मुलं माझ्याकडे बघत होती, जणू मी मान हलवली की सुरू होणार. आणि कानाशी सायखेड्याच्या जिन्यावर एक म्हातारा माणूस एकेक पायरी मोजत होता.

मी मनात वाक्य जुळवायला घेतलं. मग लक्षात आलं की ते जुळेपर्यंत पहिल्या मजल्यावरची मुलगी मधोमध पोचलेली असेल. मी तसाच चालू फोन हातात धरून चौकोनातून बाहेर आले, पाटलाच्या शेजारी उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "मंडळी, बसून घ्या. सूर्य सायखेड्याहून निघालाय. वाटेत जरा ढग लागलेत. तो आल्याशिवाय आम्ही संप मिटवणार नाही."