पंगतीत मिटलेलं भांडण

कोल्हापुरात भर वस्तीत आमच्या दारात म्हशी होत्या, आणि माझ्या वर्गातल्या तीन मुलींना तेवढं पुरेसं होतं. मी वर्गात शिरले की त्या नाकाला रुमाल लावायच्या. माझा डबा उचलून बाहेर खिडकीत ठेवायच्या, माझ्या बाकावर कुणाला बसू द्यायच्या नाहीत. मी तेव्हा सातवीत. एका सकाळी शाळेला जाणार नाही म्हणून गोठ्यातच बसून राहिले, तेव्हा आईनं खोदून खोदून विचारलं आणि सगळं बाहेर पडलं.

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, अर्धंमुर्धं ऐकलं. भांडण बांधावरचं असो की भावकीतलं, एका पंगतीला बसलं की मिटतं, हा त्यांचा ठाम विश्वास. ज्याच्या घरचं मटण खाल्लं त्याच्याशी माणूस वाकडं वागत नाही म्हणे. मी नको नको म्हणून रडले. तरी रविवारी तिन्ही पोरी आईबापांसकट आमच्या सोप्यात जेवायला हजर.

तांबडा, पांढरा, सुकं, कशाला म्हणून कमी नव्हतं. वाढायला मलाच उभं केलेलं. मोठ्यांच्या देखत पोरी गुळासारख्या गोड. पांढरा रस्सा वाढायला वाकले तेव्हा एक हळूच म्हणाली, "हात धुतलेस का गं?" मी तिची वाटी भरली. शेजारी आप्पा तिच्या वडिलांना आणखी एका भाकरीचा आग्रह करत होते.

सोमवारी त्यांच्याकडं नवा मसाला होता. माझी आई शेणाचे हात धुऊन पदराला कसे पुसते, कशी वाकून चालते, याची नक्कल त्यांनी अख्ख्या वर्गाला करून दाखवली. त्या दिवसाइतका राग मला पुन्हा कधी आला नाही.

संध्याकाळी आप्पांनी विचारलं, "आता बरं हाय न्हवं?"

मी "व्हय" म्हणाले. दहावी होईपर्यंत व्हयच म्हणत राहिले. आप्पांनी मात्र आपली करामत गल्लीभर सांगितली, अजून सांगतात.

परवा माहेरी गेले, तर भावाची मुलगी दप्तर मांडीवर घेऊन सोप्यात बसलेली. शाळेच्या गाडीत मुलं त्रास देतात, जाणार नाही म्हणत होती. आप्पा भावाला म्हणाले, जेवायला बोलव त्यांना, हिच्या आत्याचं असंच मिटवलं होतं मी.

पोरगी दप्तर खांद्याला अडकवत ताडकन उठली. "काय न्हाय झालं, आज्जा. जाते मी."

मी तिच्या खांद्यावरचं दप्तर काढून घेतलं.

"मिटलं न्हवतं, आप्पा," मी म्हणाले. "मी तुम्हाला सांगायचं बंद केलं हुतं."