रुमाल बसला, माणूस उभा

आमची दिवाळी नसते, पण दिवाळीची सुट्टी असते. शाळेला कुलूप लागलं की लेकरं सगळ्यांचीच घरात सुटतात. आमचीही सुटली. मुलगी पहिलीत, मुलगा नुकता दुडुदुडु पळायला लागलेला. त्यात ताईचा फोन आला.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. ती आणि दाजी दरवर्षी याच सुमाराला टोळीबरोबर ऊस तोडायला जातात, ते थेट उन्हाळ्यात परततात. "बापू, मुकादम उद्या ट्रॅक्टर काढायलाय," ती म्हणाली. "दिवस मावळायच्या आत निघायचंय. तुजं बारकं मी आजून फोनमधीच बगायले. मांडीवर कवा घ्यायचं, त्याला मिशा फुटल्यावर?"

"उद्या येतो," मी म्हणालो. गेल्या उन्हाळ्यात ती परत आली तेव्हा मी एका धरण्यावर बसलो होतो. तिथून उठलो तो एका उपोषणात. जनतेला मी कधीही सापडतो, घरच्यांनाच सापडत नाही, असं बायको म्हणते. बायको शिक्षिका आहे. तिची वाक्यं फळ्यावरच्या अक्षरांसारखी असतात, पुसली तरी दिसतात.

त्या दिवसांत माझा लढा रुमालाविरुद्ध चालू होता. हसू नका. आमच्याकडं एसटी स्टँडात शिरली की ती थांबायच्या आधीच खिडक्यांतून रुमाल, टॉवेल, टोप्या, पिशव्या आत पडतात. एकदा मी चक्क एक चप्पल पडताना पाहिली. ज्याचा रुमाल त्याची जागा! मालक खाली निवांत चहा पितो आणि लेकुरवाळी बाई दांड्याला लोंबकळते. मी विचारतो, हा कुठला न्याय? कापडाच्या तुकड्याला बसायचा हक्क आणि जित्या माणसाला नाही? माणूस यायच्या आधीच त्याची जागा ठरवून ठेवायची जी जुनी खोड या देशाला आहे, तिचीच ही खिशात मावणारी घडी आहे! हे सगळं मी पत्रकात लिहिलं. पत्रकाचं नाव 'रुमालशाही'. खाली घोषणा: रुमाल बसला, माणूस उभा — चालणार नाही, चालणार नाही!

छापायच्या आधी ते पत्रक मी घरात मोठ्यानं वाचून पाहायचो. मुलीला ते पाठ झालं होतं, हे मला ठाऊक होतं. तिला ते पटलंही होतं, हे ठाऊक नव्हतं.

परभणीहून गंगाखेडपर्यंत आम्ही सुखानं आलो. सुखानं म्हणजे मुलगा एकदाच ओकला, तोही माझ्यावर. गंगाखेडला ताईच्या गावाकडं जाणारी पालमची गाडी लागली आणि स्टँडावरची सगळी माणसं तिच्यावर धावून गेली.

"ओ, पोरीला खिडकीतून आत सोडा," बायको म्हणाली.

"मी? मी पत्रक काढलंय!"

"मग पत्रकावर बसून चला."

मी तिला रांगेचं महत्त्व सांगू लागलो. रांग कुठंच नव्हती, दारात नुसता घोळका होता. त्या घोळक्याच्या मागं आम्ही चौघं शिस्तीत उभे राहिलो. गाडी भरली, दार लागलं, गाडी गेली. मुलानं तिला टाटा केला.

शेजारी एक म्हातारा तंबाखू मळत होता. त्याला विचारलं, "काका, पुढची कवा?"

"येती की. पन दिवस हाय तवर एकच. ती हुकली की बसा इथंच."

मी बायकोकडं बघितलं. फळा कोरा राहिला की मला जास्त भीती वाटते. तेवढ्यात ताईचा फोन. "कुठवर आलाव?" मी म्हणालो, गंगाखेड. "आजून गंगाखेडच?" पलीकडं कुणीतरी पोती चढवताना ओरडत होतं.

दुसरी गाडी स्टँडात वळली तेव्हा मी पत्रक, घोषणा, सगळं मनातल्या मनात गुंडाळलं, पोरीला उचललं आणि मधल्या खिडकीतून आत सरकवलं.

"बाकावर आडवी पड. कुणी आलं तर सांग, जागा धरलीय."

"पण पप्पा, तुम्हीच म्हणलात ना—"

"पड आधी!"

ती दिसेनाशी झाली. मला हायसं वाटलं. मग त्याच खिडकीतून एक निळा रुमाल बाहेर आला. त्याच्यामागं एक टॉवेल. मग पांढरी टोपी. मग एक पिशवी, तिच्यातली केळी फलाटभर पसरली. आत माझी कन्या बाकांवरून उड्या मारत एकेक जागा मोकळी करत होती आणि प्रत्येक वस्तूबरोबर बाहेर एक घोषणा फेकत होती. "रुमाल बसला, माणूस उभा!" खालून तिच्या भावानं बोबडी साथ दिली, "नाई नाई! नाई नाई!"

"आरं, कुनाचं लेकरू हाय हे?"

"माजा टावेल! आरं, टावेलावर पाय नको दिऊ!"

दारातला अख्खा घोळका आपापलं कापड हुडकायला खाली वाकला. दार मोकळं. बायकोनं एका हातानं मुलाला उचललं, दुसऱ्या हातानं माझी कॉलर धरली आणि आम्ही गाडीत चढलो. आमच्यामागून काठ्या टेकत, गाठोडी सावरत, ज्यांनी कधीच काही टाकलेलं नव्हतं अशी सगळी मंडळी चढली.

मागून टोपीवाला आला. त्याच्या हातात टोपी होती आणि टोपीला केळं लागलं होतं. "ही जागा माजी व्हती! टोपी टाकली व्हती मी!"

"मग टोपीचं टिकट काडा," कंडक्टर म्हणाला. "कुठं उतरायलीय टोपी?"

गाडीभर हशा पिकला. खिडकीशी बसलेली एक म्हातारी म्हणाली, "आज पयल्यांदा खिडकी घावली माय मला. पोरगी लय गुनाची हाय. कुनाची हाय?"

मी छाती पुढं काढली. "माझी."

"कुनाची म्हनलाव?" टोपीवाल्यानं विचारलं.

"ह्यांची," मी बायकोकडं बोट दाखवलं.

मग मी आमच्या बाकाकडं वळलो. तिथं तीन म्हाताऱ्या बसल्या होत्या. "पप्पा, त्या उभ्या होत्या," मुलगी म्हणाली. "आपण तर गाडीत नव्हतोच." पत्रकात या मुद्द्याचं उत्तर नव्हतं. पत्रक मीच लिहिलेलं होतं, म्हणून खात्रीनं सांगतो.

भांडणं मिटून गाडी निघायला उशीर झाला. सगळी वाट आम्ही दांड्याला लोंबकळत काढली. म्हाताऱ्यांच्या डोक्यांवरून मी ऊन बघत होतो. ते उसाच्या तुऱ्यांवर येऊन टेकलं होतं. ही गाठ चुकली तर ताई उन्हाळ्यात भेटणार, आणि उन्हाळ्यात मी कुठं असेन हे मलाच माहीत नव्हतं.

ताईच्या गावच्या फाट्यावर उतरलो तर ट्रॅक्टर चालू होता. मागं दोन ट्रॉल्या, त्यांत ज्वारीची पोती, ताडपत्र्या, चुली, एक शेळी आणि माणसं. ताई मात्र रस्त्यातच उभी होती. बहुतेक दुपारपासून. "जय भीम" म्हणायच्या आधीच तिनं माझ्या मुलाला बायकोच्या कडेवरून उचललं. त्यानं तिच्याकडं एकदा बघितलं आणि भोकाड पसरलं.

"रड बाबा, रड. तेवडा तरी आवाज संगं नेते."

इतक्यात ट्रॉलीतून एका बाईनं हाक मारली, "आगं ये! तुजा टावेल सरकवायलेत बग!"

पुढच्या ट्रॉलीत पोत्यांच्या आडोशाचा एक कोपरा होता. तिथं वारं लागत नाही, पोत्याला टेकून झोपता येतं. रात्रभराच्या वाटेसाठी ताईनं तो सकाळीच टॉवेल टाकून धरला होता, आणि आमच्यासाठी रस्त्यात येऊन उभी राहिली होती. दाजी मागच्या ट्रॉलीत शेळी बांधत होते. ताई ट्रॉलीकडं निघाली. मुलगा अजून तिच्या हातात रडतच होता.

"तू थांब," मी म्हणालो आणि चाकावर पाय देऊन वर चढलो. टॉवेल सरळ केला आणि त्यावर ऐसपैस बसलो.

गाठोडं घेतलेला एक गडी माझ्यासमोर उभा राहिला. "ओ पाव्हनं, उटा की. तुमी ऊस तोडायला यायलाव का?"

"जागा धरलीय."

"कुनाची? इथं तर कोनीच न्हाई."

"माझ्या बहिणीची. येतीय ती."

"मी उभा हाय ते दिसंना का तुमाला?"

दिसत होतं. लय स्पष्ट दिसत होतं. खालून घोषणा सुरू झाली, "रुमाल बसला, माणूस उभा!" पोरीनं मूठ वळली होती. त्या गड्यानं खाली बघितलं, वर माझ्याकडं बघितलं. "बरोबर म्हनायलीय की पोरगी!" मी पोत्याला दोन्ही हातांनी धरून बसलो.

खाली बायको ताईला गंगाखेडची सगळी गोष्ट सांगत होती. ताई हसून हसून वाकली, तशी मुलाचं रडणं थांबलं. तो तिच्या तोंडाकडं बघत राहिला, मग त्यानं तिचा कान धरला. मग तिच्या खांद्यावर डोकं टाकलं. मुकादमानं हॉर्न दिला. मी उठलो नाही. त्यानं पुन्हा दिला.

शेवटी ताई मुलाला बायकोकडं देऊन वर चढली, पदरानं डोळे पुसत. ते हसून आलेलं पाणी होतं की दुसरं, मी विचारलं नाही.

"ऊठ रे रुमाला," ती म्हणाली.

ट्रॅक्टर वळणापलीकडं गेला तरी मुलगी टाचा उंचावून बघत होती.

"पप्पा, आत्या बसली का नीट?"

"बसली."

"मग आज चालंल," ती म्हणाली.