वरच्या मजल्याचं मीटर

वरच्या मजल्याचं मीटर मुंगीच्या पावलांनी पुढं सरकत होतं आणि चेकरबाईंना तेच खुपत होतं.

चेकरबाई हे नाव गल्लीनं दिलेलं. बत्तीस वर्षं त्यांनी बसमध्ये तिकिटं तपासली. बिनतिकिटाचा माणूस नजर चुकवतो, असं लोकांना वाटतं. बाईंचा अनुभव उलटा होता. तो डोळ्याला डोळा देऊन हसतो. निवृत्तीनंतर त्यांनी वरच्या दोन खोल्या भाड्यानं दिल्या, त्याही वीज, पाणी, गॅस सगळं धरून. दर महिन्याला बिलावरून हुज्जत कोण घालणार? ती नोकरीत पोटभर घालून झाली होती. करार अकरा महिन्यांचा, राहणारा माणूस एकच.

हा माणूस चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. जिन्यात भेटला की डोळ्याला डोळा देऊन हसायचा.

पहिली दोन बिलं बघून बाई खूश झाल्या. तिसऱ्याला सावध झाल्या. पाचव्याला त्यांनी मीटरपासून वरपर्यंत वायर बोटानं चाचपून पाहिली. कुठं जोड नाही, आकडा नाही. मग माणूस राहतो तरी कुठं? खोल्या दुसऱ्या कुणाला सामान ठेवायला दिल्यात की काय?

धाकटी बहीण फोनवर हसत सुटली. "ताई, भाडेकरू जास्त जाळतो म्हणून बोंबलणारे ढीग पाहिलेत. कमी जाळतो म्हणून झोप उडालेली तूच पहिली!"

"कमी वापरायला कुणी सांगितलंय त्याला? भाडं तर पुरतं देतो. यात काहीतरी पाणी मुरतंय."

करार महिनाअखेरीला संपत होता. छडा लागल्याशिवाय सही नाही; नाहीतर खोल्या खाली कर म्हणायचं. रविवारी सकाळी गिझर बघायचाय असं सांगून बाई वर गेल्या.

गिझरच्या बटणावरचं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं. दिव्यांच्या तीन होल्डरांपैकी दोन रिकामे. फ्रिजचा प्लग काढून ठेवलेला. बाईंनी न विचारता फ्रिज उघडला. आत शर्टांच्या घड्या.

"हे काय आहे?"

"कपाट नाहीये ना, काकू."

"मला शेंडी लावू नका. तुम्ही इथं राहता का?"

"राहतो की. आंघोळ गारच करतो. जेवण एका वेळचं शिजवतो, दोन वेळा खातो."

"का? मी कधी काही बोलले?"

तो हसला नाही. खाली बघत म्हणाला, "पहिल्यापासून आईला आणायचंय. आता तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, तिकडं एकटी आहे. करारात माणूस एकच लिहिलाय. म्हटलं, नवा करार करताना तुम्हाला बिलं बघायला सांगायचं. दोघं राहिलो तरी एका माणसाइतकंही जळणार नाही."

बाईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. इतक्या वर्षांत आजारी आया त्यांनी पुष्कळ ऐकल्या होत्या. पास घरी राहिला की प्रत्येकाची आई आजारी असायची.

"दहा महिने थंड पाणी अंगावर घेतलंस, आणि खाली येऊन एकदा विचारायला तोंड नव्हतं?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात तर?"

पहिल्याच महिन्यात विचारलं असतं, तर त्या नाहीच म्हणाल्या असत्या.

"तिकीट काढलेला माणूस दारात लोंबकळत जातो का रे?" त्या फणकारल्या. "तुझ्यापायी मी वायरी चाचपत फिरले. ऑपरेशनचे कागद आहेत?"

"आहेत."

"आण."

त्यानं पिशवी आणली. बाईंनी एकेक कागद उलटसुलट करून वाचला, तारखा बघितल्या, शिक्का उजेडाला धरला. दवाखान्याचा नंबर होता, तो तिथंच उभं राहून लावला. त्या नावाच्या बाई घरी गेल्यात का, एवढंच विचारलं. पलीकडून हो आलं.

महिनाअखेरीला नवा करार झाला. माणसं दोन, भाडं तेच. मुदत मात्र अकराची सहा महिने केली.

"सहाच का?" त्यानं विचारलं.

"तुझी आई मी अजून पाहिलेली नाही," बाई म्हणाल्या, आणि सही करायला पेन त्याच्या हातात दिलं.