दोन पडद्यांवरच्या दोघी

थीसिसचा विषय मी घरी सांगितला तेव्हा आई म्हणाली, "ह्येला विषय म्हंत्यात व्हय? आमी दोगी बडबडतोय, त्यात लोकांनी काय बघायचं?"

मी बेळगावच्या एका कला महाविद्यालयात मल्टिमीडियाच्या शेवटच्या वर्षाला होते. वर्षभर एकच काम करायचं, ते मांडून दाखवायचं आणि परीक्षकांपुढं त्याचं समर्थन करायचं, असा तो थीसिस. वर्गातल्या कुणी अॅनिमेशन घेतलं होतं, कुणी गेम. मी आमच्या परड्यातली भिंत घेतली.

आमचं घर निपाणीत. मागच्या परड्यात छातीइतक्या उंचीची दगडी भिंत आहे आणि पलीकडं आक्काचं घर. आक्का गोकाककडून लग्न होऊन आलेली, कन्नड बोलणारी. तिला मराठी सगळं कळतं, पण जिभेवर येत नाही. आईचं कन्नडच्या बाबतीत तसंच. त्यामुळं मला कळायला लागल्यापासून दोघी आपापल्या भाषेत बोलत आल्या. आई मराठीत विचारणार, आक्का कन्नडमध्ये उत्तर देणार, आणि अर्धा अर्धा तास कुणाचं काही अडणार नाही. बाहेरचं माणूस आलं की थांबून बघायचं. आम्हाला त्यात काही वाटत नव्हतं.

गाईड सरांना मात्र वाटलं. सर धारवाडकडचे. माझ्याशी थोडं हिंदी, थोडं मराठी, बाकी इंग्रजी असं बोलायचे. त्यांच्याशी बोलून मी मांडणी ठरवली. भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा लावायचा. नंतर हॉलमध्ये समोरासमोर दोन पडदे टांगायचे, एकावर आई, दुसऱ्यावर आक्का. बघणाऱ्यानं मधे उभं राहायचं, भिंतीच्या जागी.

दिवाळीनंतर शूटिंग सुरू केलं. पहिल्या दिवशी आक्का रेशमी साडी नेसून आली आणि कॅमेऱ्याकडं बघून नुसती उभी राहिली. आई तिला म्हणाली, "आगं, लग्नाला चाललीस काय?" मग हळूहळू त्यांना कॅमेऱ्याची सवय झाली. आक्काच्या सुनेच्या तक्रारी, गुडघ्याचं दुखणं, गॅस सिलिंडर, सगळं त्यात येत गेलं. मी दर शनिवारी बसनं घरी यायचे, चित्रण घ्यायचे आणि सोमवारी बेळगावला परत.

उन्हाळ्याच्या तोंडाला एका सकाळी आई सांडगे घालत होती. घालता घालता कृती सांगत होती, आणि ती काही संपेना. आक्कानं शेवटी दोन्ही कानांत बोटं घातली आणि म्हणाली, "साक बिडव्वा, साक निन्न मराठी." म्हणजे पुरे बाई, पुरे तुझं मराठी. आई हातातलं पीठ तसंच धरून म्हणाली, "मग तुजं कानडं ठेव तुज्या घरात. उद्या ताक मागाय येऊ नगंस इकडं." आणि मग दोघी ज्या हसायला लागल्या, त्या पदर तोंडात कोंबून भिंतीला टेकल्या. मला तेव्हाच कळलं की थीसिसचा मध्य मिळाला. एडिटिंगला बसले तेव्हा तो भाग मी कुठंच कापला नाही.

परीक्षेच्या आधी विभागानं सगळ्यांच्या कामाची झलक कॉलेजच्या पानावर टाकली. माझ्या दोन पडद्यांच्या दोन फाइल होत्या, त्या दोन वेगळे व्हिडिओ म्हणून गेल्या. त्याचं कुणाला काही वाटलं नाही. मलाही नाही.

तीन-चार दिवसांनी हॉस्टेलमधली एक मुलगी जेवताना माझ्याजवळ आली. मोबाइल पुढं करून तिनं हळूच विचारलं, "ही तुझ्या फिल्ममधली बाई ना?"

पडद्यावर आक्का होती. कानांत बोटं घालून म्हणत होती, साक निन्न मराठी. तिथंच व्हिडिओ संपत होता आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होता. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं: मराठी माणसा, आपल्याच गल्लीत ऐकून घेतोस?

पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं ते कामातलंच. कट अगदी नेमका होता. आक्काच्या ओठांचा कोपरा हसण्यासाठी हलतो, त्याच्या जरा आधी. कापणाऱ्याला कापायचं कळत होतं. मी ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी दुसरा तुकडा आला, कन्नड ग्रुपवर. त्यात आई होती. तुजं कानडं ठेव तुज्या घरात. आईच्या हाताला पीठ लागलेलं होतं, पण तुकड्यात फक्त चेहरा मोठा करून घेतला होता. खाली कन्नडमध्ये जे लिहिलं होतं ते मी वाचलं आणि मोबाइल उलटा ठेवला.

सरांनी कॉलेजच्या पानावरून दोन्ही फाइल काढल्या. "निकाल दिया," ते म्हणाले. मग जरा वेळानं, "लेकिन उनके पास तो है."

प्राचार्यांनी बोलावलं. आवाज चढवला नाही. "सीमाभागातलं सध्याचं वातावरण तुला माहीत आहे," एवढंच म्हणाले आणि खिडकीकडं बघत राहिले. आदल्या वर्षी केलेलं माझं एक छोटं अॅनिमेशन होतं, तेच वाढवून थीसिस म्हणून दाखवावं असं त्यांनी सुचवलं. मी घरी विचारून सांगते म्हणाले.

निपाणीच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर दोन पोरं बसली होती. संकेश्वर यायच्या आधी एकानं मोबाइल काढला आणि आईचा आवाज सगळ्या बसमध्ये ऐकू आला. दोनदा, तीनदा. मी ओढणी तोंडावर घेऊन बसले. शेजारची बाई म्हणाली, "ऊन लागतंय काय गं?" मी मान हलवली.

घरी माझे वडील, आप्पा, नेहमीपेक्षा लवकर दुकानातून आले होते. त्यांचं स्टँडजवळ झेरॉक्सचं आणि रिचार्जचं दुकान आहे. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "आज तिघं आलतं. आधारची झेरॉक्स काढून घेतली. जाताना एक जण म्हणला, फिल्मवाल्या पोरीचं दुकान ह्येच न्हवं? मी व्हय म्हणलो. तर म्हणला, घर बी जवळच असंल."

"कुठल्या बाजूची हुती?" आईनं विचारलं.

"काय म्हाईत. मराठीत बोलली. पर हितं सगळीच मराठीत बोलत्यात, सगळीच कानडीत बोलत्यात. त्यावरनं काय कळतंय."

"रागानं बोलली काय?"

"न्हाय. लई गोड बोलली." आप्पांनी तांब्या खाली ठेवला. "त्येचंच जरा वंगाळ वाटलं."

परड्यात कुणी नव्हतं. मी भिंतीजवळ गेले तर पलीकडं धुणं वाळत होतं आणि स्वयंपाकघराची खिडकी लावलेली होती. आक्काची ती खिडकी लावलेली मी तोवर पाहिली नव्हती. समोरून गेले. दार तिच्या मुलानं उघडलं. तो बेळगावात नोकरीला, माझ्यापेक्षा बराच मोठा, लहानपणी मला सायकल त्यानंच शिकवलेली. त्यानं आत ये म्हटलं, पाणी दिलं. मग म्हणाला, "तुझा काही दोष नाही. पण सकाळपासून दोन मोटरसायकली इथं थांबून गेल्या. फोटो काढले. आम्ही दोघं नवराबायको बेळगावात असतो, आई इथं एकटी असते."

आक्का कॉटवर बसली होती. मला बघून तिनं जवळ बोलावलं आणि कन्नडमध्ये विचारलं, "त्यात माझं हसू कुठं गेलं?"

मी तिला सांगायचा प्रयत्न केला की ते कापलंय. ती ऐकत होती, पण तिला पटत नव्हतं. "मी तर हसले होते," ती पुन्हा म्हणाली. "तुझी आई पण हसली होती. विचार तिला."

मी लॅपटॉप काढून तिला तो भाग पूर्ण दाखवला. ती डोळे बारीक करून बघत राहिली. हसण्याचा भाग आला तेव्हा ती हसली नाही. नुसती मान डोलावली, हरवलेली वस्तू सापडल्यावर डोलावतो तशी. मग म्हणाली, "हे दाखव त्यांना."

घरी येऊन मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "ती म्हणली असंल तर दाखव." पण स्वतः बघायला तयार झाली नाही.

मी प्राचार्यांना कळवलं की तेच दाखवणार. त्यांनी अटी घातल्या. हॉलचं दार बंद, आत फक्त परीक्षक, मोबाइल बाहेर, आणि वार्षिक प्रदर्शनात हे काम नाही. मी कबूल केलं. तोवर वातावरण आणखी बिघडलं होतं. कुठंतरी एका पाटीला काळं फासलं गेलं, कुठंतरी एका बसची काच फुटली. आमच्या तुकड्यांचा त्याच्याशी संबंध होता की नव्हता हे मला आजही माहीत नाही. पण ग्रुपवर दोन्ही गोष्टी एकाखाली एक येत होत्या.

व्हायवाच्या सकाळी सरांचा फोन आला. बाहेरच्या परीक्षक बाई कोल्हापूरहून निघाल्या होत्या आणि त्यांची बस राज्याच्या हद्दीवर, कोगनोळीच्या नाक्याशी थांबवली होती. पलीकडची बस इकडं सोडत नव्हते, इकडची तिकडं. त्या आल्या नाहीत तर व्हायवा पुढं जाणार, आणि पुढं म्हणजे कधी, हे कुणी सांगत नव्हतं.

मला आप्पांशिवाय कुणी सुचलं नाही. त्यांनी दुकान बंद केलं, स्कूटर काढली आणि कोगनोळीला गेले. बाई पर्स आणि फाइल घेऊन पोलिसांच्या बॅरिकेडमधून चालत इकडं आल्या. आप्पांनी त्यांना निपाणीच्या स्टँडवर आणलं आणि बेळगावच्या गाडीत स्वतःही चढले. पुढं बाईंनी मला सांगितलं की सगळ्या वाटेत ते एकच वाक्य बोलले: "पोरगीनं काय वाईट केल्यालं न्हाय, एवढंच सांगाय आलोय." परीक्षकाला विद्यार्थिनीच्या वडिलांनी आणलं हे कुठं बोलू नको, असं सरांनी मला दोनदा बजावलं.

गेटवर दोन पोलीस होते. हॉलमध्ये खिडक्यांचे पडदे ओढून घेतले होते, पंखे चालू असूनही घाम येत होता. परीक्षक तिघं: बाई, आमचे सर आणि कॉलेजातले आणखी एक प्राध्यापक. मी दोन्ही प्रोजेक्टर सुरू केले. ते तिघं मधे उभे राहिले, एकदा इकडं, एकदा तिकडं बघत.

सांडग्यांचा भाग यायच्या आधी बाहेरून आवाज आला. आधी एक-दोन माणसांचा, मग बऱ्याच जणांचा, एका ठेक्यात. शब्द कळत नव्हते. शिपायानं आत येऊन दाराला कडी घातली आणि सरांच्या कानाशी काहीतरी बोलला. सर माझ्याकडं आले. "आवाज बंद करो. बाहर तक जा रहा है."

मी आवाज बंद केला. तो भाग आम्ही मुक्यानं पाहिला. आक्कानं कानांत बोटं घातली. आईनं पीठ उचललं. दोघींचे ओठ हलले, मग दोघी वाकून वाकून हसायला लागल्या, आणि बाहेर घोषणा चालूच होत्या.

फिल्म संपल्यावर दिवे लावले नाहीत. प्राध्यापकांनी विचारलं, "दोन पडदे कशासाठी? एकाच फ्रेममध्ये दोघी असत्या तर हे असं कापता आलं नसतं."

मी तयारी केलेलं सगळं विसरले. म्हणाले, "एका फ्रेममध्ये घेतलं की कुणीतरी एक जण पाठमोरी येत होती, सर. मला दोघींचे चेहरे हवे होते."

त्यांनी लिहून घेतलं. बाईंनी फाइल मिटली आणि म्हणाल्या, "आता बोलतात का त्या?"

"नाही, बाई."

"किती दिवस झाले?"

"मोजले नाहीत," मी म्हणाले. बाहेरचा आवाज तेवढ्यात कमी झाला होता आणि प्रोजेक्टरचा पंखा ऐकू येत होता.

मी पास झाले, चांगल्या गुणांनी. गेटवरची माणसं दुपारी निघून गेली. दगड पडला नाही, कुणाला लागलं नाही. कॉलेजात, घरी, नातेवाइकांत सगळे तेच म्हणाले, काही झालं नाही, सुटलीस. आप्पा आणि मी त्याच संध्याकाळी एका बसनं परतलो. दोघांनाही खिडकीची जागा नको होती.

पावसाळ्याआधी आक्काच्या मुलानं भिंतीवर सिमेंटच्या विटांचे चार थर चढवून घेतले. वानरं येतात म्हणाला. वानरं खरंच येतात. आप्पांनी गवंड्यांना आमच्या बाजूनं पाणी दिलं. आई त्या दिवशी माहेरी गेली होती.

आता मी बेळगावात एका स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. ते दोन तुकडे अजून फिरतात. कधी निवडणुकीच्या सुमारास, कधी उगीचच, कुणीतरी नवीन लाल अक्षरं लावून पाठवतं. मला अनोळखी नंबरावरून त्यातला एखादा आला की मी उघडत नाही, पण पहिल्या चित्रावरूनच कळतं.

मागच्या महिन्यात सुट्टीला गेले होते तेव्हा आईबरोबर बाजारात गेले. कोथिंबिरीच्या पाटीशी आक्का भेटली, सुनेबरोबर. दोघी थांबल्या. आजूबाजूला गर्दी होती, शेजारी दोन पोरं मोबाइल हातात घेऊन उभी होती. आईनं त्यांच्याकडं एकदा बघितलं. मग टीव्हीवरून शिकलेल्या, आयुष्यात कधी न बोललेल्या हिंदीत म्हणाली, "तबियत कैसी है?"

"अच्छी है," आक्का म्हणाली. "आपकी?"

"ठीक है."

आईनं कोथिंबिरीची जुडी उचलली, भाव विचारला, आणि आम्ही पुढं निघालो.