दार उघडणारी आई

सहा वर्षं आम्ही दोघांनी मिळून ती मालिका बघितली, मी आणि माझ्या वडिलांनी. पृथ्वीपासून फार लांब निघालेलं एक यान, त्यात अकरा माणसं, आणि परतीचा रस्ता कुणालाच नक्की माहीत नाही, अशी तिची गोष्ट. मी खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. अण्णांनी म्हणजे वडिलांनी मांजरीत उसाच्या बेण्याच्या प्लॉटवर सारा जन्म काढला. इंग्रजी त्यांना येत नाही, म्हणून शेजारी बसून मी त्यांना संवाद मराठीत सांगायचे. त्यांचा सगळा जीव यानातल्या भाजीच्या बागेत. रोपं फार दाट लावलीत, वारं खेळत नाही, अशी त्यांची कायमची तक्रार. तिथे वारा नसतो, असं मी एकदा सांगितलं, तर पंखा लावायला काय झालं, म्हणाले.

दुसरा सीझन आला तेव्हा आईला जाऊन चार महिने झाले होते. अण्णा दिवसभरात मोजकं बोलायचे. रविवारी सकाळी मालिका लावली की तेवढे येऊन बसायचे.

त्या सीझनच्या तिसऱ्या भागात यानातल्या इंजिनिअर मुलीला घरून निरोप येतो. ही मुलगी आम्हा दोघांची लाडकी. निरोप तिच्या भावाचा, दोन वर्षं उशिरा पोचलेला. आई गेली, एवढंच तो सांगतो. अण्णांच्या हातात पोह्यांची बशी होती. त्यांनी विचारलं, "काय म्हनतोय तिचा भाऊ?"

मी काही ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, "आई बरी आहे म्हणतोय. तू सावकाश ये, असं सांगितलंय तिनं."

"मग ही रडती कशाला?"

"आठवण येते ना."

अण्णांनी मान हलवली आणि पोहे खायला लागले.

ते एक वाक्य मला पुढे चार वर्षं सांभाळावं लागलं. मुलगी आईच्या फोटोपाशी बसली की मी म्हणायचे, आज आईचा वाढदिवस आहे. ती कॅप्टनजवळ मन मोकळं करायची, तेव्हा मी तिच्या तोंडी घरच्या जेवणाच्या आठवणी घालायचे. कधीकधी मालिकेत काय चाललंय यापेक्षा मी काय सांगून ठेवलंय, हेच लक्षात ठेवणं अवघड व्हायचं.

शेवटचा भाग आला त्या दिवशी मी सुट्टी टाकली होती. चहा झाल्यावर आम्ही बसलो. यान परत येतं. मुलगी आता साठीची झालेली, तळ्याकाठच्या आपल्या घरापाशी चालत जाते, दार वाजवते. दार तिची आई उघडते. मुलगी निघाली तेव्हा आई होती तशीच, त्याच वयाची. दोघी एकमेकींकडे बघतात, पडदा पांढरा होतो आणि मालिका संपते.

मला काही कळलंच नव्हतं. अण्णा मात्र समाधानानं उठले. "पोचली एकदाची," म्हणाले. मग पायात चपला घालताना, "पन एवढ्या वर्सांत म्हातारीचा एक केस पिकला न्हाई. तेवढं चुकलं त्यांचं."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवताना तोच विषय. एकजण म्हणाला, यान मधेच फुटलं, हे सगळे मेलेले आहेत. शेजारच्या टीममधल्या मुलीचं म्हणणं, हे सगळं यानाच्या कॉम्प्युटरला पडलेलं स्वप्न. तिनं मला पाऊण तासाचा व्हिडिओ पाठवला, तो मी बसमध्ये बघितला. पटला. रात्रीपर्यंत पटेनासा झाला. सहा वर्षं ज्या माणसांबरोबर काढली ती जिवंत आहेत की नाहीत, हे मला सांगता येत नव्हतं. राग यावा तर नेमका कशाचा? आणि आमच्या घरात एक माणूस असा होता, ज्याला काही कोडंच पडलं नव्हतं. तेही माझ्यामुळे.

रविवारी मी अण्णांना खरं सांगितलं. ती आई दुसऱ्या सीझनमध्येच वारली होती, मी तुम्हाला खोटं सांगितलं. त्यांनी का म्हणून विचारलं नाही.

"मग दार कुनी उघडलं?" त्यांनी विचारलं.

"तेच कुणाला माहीत नाही, अण्णा."

"तुलाबी?"

"मलाही नाही."

त्यांनी शेवटचा भाग पुन्हा लावायला सांगितला. दार उघडतं तिथे तीनदा थांबवला. ते टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन त्या बाईचा चेहरा बघत राहिले. मग परत येऊन बसले आणि त्यांनी विचारलं, "आनखी काय काय बदललंस?"

मी आठवायला लागले. फोटोचं सांगितलं, वाढदिवसाचं सांगितलं. कॅप्टनशी ती खरं काय बोलली होती, ते मात्र आठवेना. माझंच वाक्य आठवत होतं, अंबाडीची भाजी आणि भाकरी. तळ्याकाठच्या त्या घरात अंबाडी कुठली असणार?

आता आम्ही पहिल्या भागापासून पुन्हा बघतोय. दर चार वाक्यांनी अण्णा विचारतात, "असंच म्हनाली का ती?" मी मागे जाऊन ऐकते आणि हो म्हणते. मग त्या हो म्हणण्यावर ते विश्वास ठेवतात की नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नाही. शेवटाचा अर्थ अजून आम्हा दोघांनाही लागलेला नाही. परवा ऑफिसला निघताना त्यांनी मला दारात अडवलं आणि विचारलं, मेलेलं माणूस दार उघडतं हे तुझ्या ऑफिसातल्या पोरांना खटकलं, मग ते माणूस म्हातारं झालं नाही हे त्यांना का खटकलं नाही. मी म्हटलं, विचारून सांगते.